माझ्यासमोर गिळ

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी एकवीस वर्षं नर्स आहे. या एकवीस वर्षांत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर लोकांना गोळ्या गिळायला लावल्या. हत्तीरोगाच्या, हिवतापाच्या, टीबीच्या, पोरींना लोहाच्या. गोळी हातात देऊन माणूस घरी पाठवला की ती पोटात जात नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. ती कुडाच्या भिंतीत खोचली जाते, नाहीतर ‘जेवल्यावर खातो’ म्हणून पदराच्या गाठीत जाते आणि लुगड्याबरोबर नदीवर धुतली जाते. म्हणून आमच्या कामाची रीतच आहे की गोळी समोर गिळवायची. पाणी आपण द्यायचं, तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची आणि मगच रजिस्टरमध्ये खूण करायची. मी यात इतकी तरबेज झाले होते की गावातले म्हातारे मला लांबून बघूनच आ वासायचे. मी हसायचे, तेही हसायचे.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात कोणावर किती रागवायचं याचा हिशेब मला अजून लागलेला नाही, त्यामुळे सगळ्यांवरच थोडाथोडा निघेल.

माझा धाकटा भाऊ बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचं डोकं दुखायचं, पाय सुजायचे. तो उन्हाचं आहे म्हणायचा, आणि बल्लारपूरचं ऊन बघता ते कोणालाही पटावं. मी सुट्टीत त्याच्याकडे जायचे. माझ्या पिशवीत बीपीचं मशीन असायचं. त्या मशीननं मी अख्ख्या मुलखाचं बीपी मोजलं, पण सख्ख्या भावाच्या दंडाला ते कधी बांधलं नाही. वाढलेल्या बीपीनं त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत हे कळलं तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. चंद्रपूरला डायलिसिस सुरू झालं. पूर्वी यासाठी नागपूर गाठावं लागायचं, आता जिल्ह्याला मशीन आल्या आहेत, हे सगळे मोठ्या कौतुकानं सांगायचे. कौतुक खरंच होतं. पण दर दोन-तीन दिवसांनी चार तास सुईला टांगून घेऊन माणूस घरी येतो तेव्हा त्याला बघायला हे कौतुक करणारे नसतात.

दीड वर्षानं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोणी देत असेल तर बदलून टाकू. भावजयीला साखर, आई थकलेली. मी म्हटलं, माझी घ्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मग कागद सुरू झाले. माझ्या किडनीसाठी माझ्या नवऱ्याची संमती हवी होती. मी त्या टेबलामागच्या बाईंना विचारलं, “त्याची घेतली असती तर माझी सही लागली असती का?” त्या म्हणाल्या, “नियम आहे, सिस्टर.” बाहेर बाकांवर माझ्यासारखेच लोक फायली घेऊन बसलेले होते. देणाऱ्या बघाव्या तर आया, बायका, बहिणी. घेणारे बघावे तर बहुतेक पुरुष. एवढं उघड दिसत असून त्या खोलीत कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, मलाही त्या दिवशी फारसं वाटलं नाही. माझा भाऊ वाचायला हवा होता, बस.

ऑपरेशनबद्दल मी वाईट बोलणार नाही. दुर्बिणीतून केलं, पोटाला लहान लहान छेद, दुसऱ्या दिवशी मी धरून धरून चालले. भावाच्या पोटात किडनी बसवली तशी तिथंच, टेबलावर, लघवी सुरू झाली म्हणे. दीड वर्षात धड एक पेलाभर लघवी न झालेला माणूस, त्याची पिशवी भरायला लागली. भावजय मला ती पिशवी दाखवायला नर्सला सांगत होती. मी नर्स असून रडले. शास्त्र केवढं पुढे गेलं आहे, हे मी माझ्या पोटानं पाहिलं आहे.

पण शास्त्र नागपुरात पुढे गेलं. तिथून बल्लारपूरला यायला एसटीत बसलो की आपलं आपण.

मला आधी सुट्टी मिळाली, कारण देणाऱ्याला लवकर सोडतात. जायच्या आधी मी वॉर्डच्या मॅडमना विचारायला गेले, घरी काय काय सांभाळायचं. त्या हसल्या. “सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं! तुम्हाला सगळं माहीतच आहे.” मला सगळं माहीत नव्हतं. मला बाळंतपण माहीत होतं, हिवताप माहीत होता, साप चावल्यावर काय करायचं ते माहीत होतं. बदललेल्या किडनीचं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण ‘तुम्हाला माहीतच आहे’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायला जीभ उचलली नाही. मान हलवली आणि निघाले. हा माझा पहिला गुन्हा.

दुसरी गोष्ट भावाला सोडताना झाली. मी भेटायला गेले होते. मोठे डॉक्टर राउंडला आले, फाइल चाळली आणि पत्ता बघून माझ्याकडे न बघता म्हणाले, “चंद्रपूर-गडचिरोलीचे पेशंट गोळ्या सोडतात आणि मग आमच्याकडे येऊन रडतात. एकही डोस चुकला तर किडनी जाईल.” माझ्या डोक्यात सणक गेली. आमचे लोक गोळ्या सोडतात? आमचे लोक तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून दवाखान्यात पायी येतात, आणि तुमचा दरवाजा अकराला उघडतो. हे मी मनात बोलले. तोंडानं एवढंच म्हणाले, “माझा भाऊ एकही गोळी चुकवणार नाही, सर. माझ्यासमोर गिळेल.”

मी मोठी रजा घेऊन बल्लारपूरला राहिले. किडनी टिकवायच्या गोळ्या सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठतं, त्याला गप्प बसवणाऱ्या त्या गोळ्या. रक्तात त्या कमी झाल्या तर किडनी जाते, जास्त झाल्या तर त्याच गोळ्या किडनीला मारतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून त्यांची लेव्हल बघायची. तपासणी नागपूरलाच होते. बल्लारपूरच्या लॅबमध्ये नऊ-साडेनऊला रक्त काढायचे, बर्फाच्या डब्यात घालून गाडीनं पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी आकडा मोबाइलवर यायचा. तो नागपूरच्या दवाखान्यात पाठवायचा, तिथून डॉक्टरांचा असिस्टंट उत्तर द्यायचा.

पहिल्या तपासणीच्या दिवशी मी आठच्या ठोक्याला पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन भावासमोर उभी राहिले. तो अंगात शर्ट घालत होता.

“ताई, पण आज ते रक्त...”

“रक्ताचं मी बघते. आधी गिळ.”

“नाई, ते मॅडम म्हने...”

“आठ वाजले. गिळ.”

त्यानं गिळली. मी त्याला तोंड उघडायला लावलं. चाळिशीचा माणूस, त्यानं जीभसुद्धा वर केली. भावजय म्हणाली, “ताई, तुम्ही आहा म्हणून बरं हाय. माझं तर हे काईच नाई आयकत.” मला बरं वाटलं.

आकडा आला, बराच जास्त. असिस्टंटनं फोनवर विचारलं, “गोळी वेळेवर घेतात ना?” मी म्हटलं, “एक मिनिट इकडेतिकडे नाही.” तो म्हणाला, “व्हेरी गुड. एक गोळी कमी करा.” पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी उभी, पेला, आठचा ठोका, नऊ वाजता लॅब. आकडा पुन्हा जास्त. अजून एक कमी करा. तिसऱ्या वेळी आकडा जास्त होताच, शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनीला काहीतरी होतंय. “औषधाचाच ताण पडतोय,” असिस्टंट म्हणाला, “अजून कमी करा आणि चार दिवसांनी इकडे या.”

त्या दीड महिन्यात घरी माणसांची रीघ होती. वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर माझा सत्कार केला. शाल दिली. बोलणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं की बहीण असावी तर अशी, आणि मग भावाकडे वळून सांगितलं, “आता तिच्या शब्दाबाहेर जाऊ नको बाबा. तिनं तुले जीव दिला.” भाऊ पहिल्या रांगेत मास्क लावून बसला होता. तो प्रत्येक वेळी मान हलवत होता. घरी येणारा प्रत्येक पाहुणाही त्याला हेच सांगून जायचा. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? जन्मात पहिल्यांदा कोणी माझं एवढं ऐकत होतं.

नागपूरला आम्ही सकाळी सातलाच पोचलो. रक्त द्यायची रांग होती. आठ वाजत आले तशी मी पर्समधून गोळ्या काढल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं. शेजारी सिरोंच्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. मराठी मोडकं, त्यात तेलुगूचा हेल. तिनं नवऱ्याला किडनी दिल्याला तीन वर्षं झाली होती. तिनं माझा हातच धरला.

“गोळी नको, अम्मा. रक्त आधी. गोळी मागून.”

मी हात सोडवून घेतला. “मी नर्स आहे.”

“असन. पन रक्त आधी.” तिनं रुमालाची गाठ सोडून दाखवली. तिच्या नवऱ्याच्या गोळ्या त्यात होत्या. “ही खाल्ली अन् रक्त देलं, तर रक्तात आत्ताचीच गोळी दिसते. लई दिसते. खोटं दिसते.”

मी बाटलीचं झाकण परत लावलं. मग मी तिला विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती म्हणाली, वॉर्डातल्या सिस्टरनं. तिला वाचता येत नाही म्हणून सिस्टरनं तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं होतं. रक्त आधी, गोळी मागून. रक्त आधी, गोळी मागून. एकवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला जे कोणी सांगितलं नाही, ते हिला पाठ होतं. आणि कारण काय, तर मला येत असेल असं सगळ्यांनी धरलं आणि हिला येत नसेल असं धरलं!

म्हणजे तिन्ही आकडे खोटे होते. गोळी पोटात ताजी असताना रक्त काढलं म्हणून ते फुगलेले दिसले. प्रत्यक्षात दिवसभरात भावाच्या रक्तात औषध बरोबर होतं, किंवा थोडं कमीच. आणि त्यातून आम्ही दीड महिना ते अजून कमी करत आणलं होतं. त्या दिवशी मी गोळ्या पर्समध्ये टाकल्या, रक्त आधी देऊ दिलं आणि डॉक्टरांच्या खोलीत घुसले. घुसले म्हणजे घुसलेच, नंबर नव्हता.

मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “लेव्हलच्या आधी गोळी घेत नाहीत. तुम्ही नर्स ना?”

मग मात्र मी त्यांचं काही ठेवलं नाही. म्हटलं, “सर, तुमच्या माणसानं तीनदा विचारलं, गोळी वेळेवर घेतात का. रक्ताच्या आधी घेतात का नंतर, हे एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्हाला आमचे लोक गोळ्या सोडतात एवढंच माहीत. आमचे लोक सांगितल्यापेक्षा जास्त ऐकतात, हे तुमच्या पुस्तकात नाही का?” ते म्हणाले, फाइलमध्ये लिहिलेलं आहे. मी तिथंच फाइल उघडली. होतं. आतल्या एका पानावर, बारीक इंग्रजीत, दहा-बारा ओळींमध्ये दडलेलं. ते पान मी घरी चारदा बघितलं होतं आणि समजल्यासारखं करून उलटलं होतं. मी फाइल मिटली. आवाज चढवलेला तसाच ठेवला, कारण तो खाली आणला असता तर मला तिथंच रडू आलं असतं.

त्याच दिवशी भावाला भरती केलं. सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीर माझ्या किडनीवर उठलं होतं. तीन दिवस स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं द्यायची आणि ते शांत होतं का बघायचं. नाही झालं तर पुन्हा चंद्रपूर, पुन्हा ती मशीन, आणि या वेळी घरात द्यायला कोणी उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलाइनची बाटली चालू होती. भावजय खाली चहाला गेली होती. मी भावाच्या खाटेशी बसून एकेकाचा उद्धार करत होते. डॉक्टर, असिस्टंट, त्या वॉर्डच्या मॅडम, इंग्रजी, एसटी. भाऊ छताकडे बघत होता. मग तो म्हणाला, “ताई, मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“रक्त देल्यावर गोळी खायची, ते. सुट्टी देली तवा मॅडमनं सांगतलं होतं मले.”

मला आधी कळलंच नाही तो काय बोलतोय. मग म्हटलं, “मंग बोलला काऊन नाई?”

“बोललो ना पयल्या खेपेले. तू म्हनली, गिळ.”

“दुसऱ्या खेपेले? तिसऱ्या?”

“वाटलं, तुलेच जास्त समजत असन. अन् समजत नसन तरी... तुले नाई कसं म्हनू मी? तू पेला घेऊन समोर उभी राह्यली की मले वाटे, हिच्याच किडनीवर जगून राह्यलो अन् हिलेच शिकवू काय? सारे लोक सांगून राह्यले, तिच्या शब्दाबाहेर जाऊ नको. मंग नाई गेलो.”

मी त्याला मारलं. ज्या हातात सुई नव्हती त्या दंडावर, जोरात, दोनदा. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. “मरशील पण नाही म्हणणार नाहीस? माझी किडनी माझ्याच मानापायी कुजवशील?” मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. तो दंड चोळत होता आणि रडत होता, आणि म्हणत होता, “चुकलं, ताई.” ते ‘चुकलं, ताई’ ऐकून मला अजून चेव आला. कारण चूक कोणाची होती ते मला दिसत होतं, आणि माफी तो मागत होता.

इंजेक्शनांनी काम केलं. किडनी वाचली, पण पूर्वीसारखी नाही. क्रिएटिनिन खाली आलं आणि जिथं पहिलं होतं त्याच्या बरंच वर थांबलं. डॉक्टर म्हणाले, किडनीची काही वर्षं कमी झाली असतील, किती ते सांगता येत नाही. ते हे नीट, माझ्याकडे बघून म्हणाले. बाहेर पडताना मी त्यांच्या वॉर्डच्या मॅडमना सांगून आले की यापुढे नर्स असो, मास्तर असो, कलेक्टरची बायको असो, प्रत्येकीकडून तीन वेळा म्हणून घ्या. त्या हो म्हणाल्या. घेतात का, कोण जाणे.

घरी आल्यावर पहिल्या तपासणीच्या दिवशी मी सवयीनं पावणेआठला उठून स्वयंपाकघरात गेले. काही द्यायचं नव्हतं, नुसतं लक्ष ठेवायचं होतं, रक्त होईपर्यंत तो चुकून काही गिळू नये म्हणून. भाऊ दारात चपला घालत होता.

“तू येऊ नको, ताई.”

“मी फक्त सोबत...”

“नाई. मी जातो. तू घरीच बस.”

तो दारातून हलला नाही. भावजयीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मला इतका राग आला की हातातली कळशी मी मोरीत आपटली. ज्याच्यासाठी पोट फाडून घेतलं, तो मला घरी बस म्हणतो! तो गेला. मी दोन तास ओट्यावर बसून राहिले. तो आला, माठातून स्वतः पाणी घेतलं, गोळ्या घेतल्या आणि पेला विसळून पालथा घातला. तोंड उघडून दाखवलं नाही. मी मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. नागपुरात गोळ्या वाढवून दिल्या होत्या तरी कमी होता, फार कमी. नागपूरहून लगेच फोन आला, गोळ्या अजून वाढवा. बल्लारपूरहून गेलेल्या रक्ताचा तो पहिला खरा आकडा होता, आणि ते रक्त दिलं तेव्हा मी तिथं नव्हते. मी बॅग भरली आणि दुपारच्या गाडीनं एटापल्लीला निघाले. भाऊ स्टँडवर सोडायला आला. मी त्याच्याशी बोलले नाही. अजूनही रोज आठ वाजता माझा हात फोनकडे जातो, आणि रोज मला स्वतःला ओरडून तो मागे घ्यावा लागतो.